काळ्या मोलीचं बाळंतपण

वन्सं,

वाचनालयाच्या चिटणिसांनी तुमची माहिती मागितली, तेव्हा मी जन्मगाव, शिक्षण, शाळेतली नोकरी असं सगळं एका कागदावर लिहून दिलं. त्यांनी त्यात ‘तेवती समई’, ‘ज्ञानयज्ञ’ आणि ‘अजातशत्रू’ एवढी पदरची भर घातली आणि ते फ्लेक्सवर छापलं. अजातशत्रू वाचून मला हसू आलं. तुमचे शत्रू मला नावानिशी माहीत आहेत. त्यांतली एक तर बरीच वर्षं मीच होते. तुमच्या धाकट्या भावाशी लग्न करून श्रीरामपूरच्या या घरात आले तेव्हापासून, चहात आलं किती घालावं इथपासून देव आहे की नाही इथपर्यंत, आपलं कशावर एकमत झालेलं मला आठवत नाही. तुमचा भाऊ दोघींच्या मध्ये पेपर उघडून बसायचा. तो गेल्यावर मध्ये पेपरही राहिला नाही आणि आपण जरा मन लावून भांडू लागलो.

तर फ्लेक्सवरच्या त्या बाई कोण, मला ठाऊक नाही. मी लिहितेय ते तुम्हाला.

तुम्ही गेलात ती मार्गशीर्षातली सकाळ फार गारठ्याची होती. वाचनालयात जायची तुमची घाई चालली होती. “पाणी तापलं का गं?” असं तुम्ही बाहेरच्या खोलीतून विचारलंत. ते पाणी तुमच्या अंघोळीचं नव्हतं, वाचनालयातल्या माशांचं होतं. मी थर्मास भरून बाहेर आले, तर तुम्ही स्वेटरच्या एका बाहीत हात घालून खाटेवर टेकल्या होतात. दुसरी बाही लोंबत होती. डॉक्टर म्हणाले, क्षणात गेल्या, काही कळलंही नसेल. तुम्हाला काही कळलं नाही असं तुमच्याविषयी म्हणणारा तो पहिलाच माणूस.

तो फिश टँक वाचनालयात आला, तेव्हाच मी म्हटलं होतं की हे प्रकरण निस्तरावं लागणार. अध्यक्षांच्या वाढदिवसानिमित्त वाचनालयाला भेट. वाढदिवस ऐन थंडीत, आणि हॉल कसा, तर वर पत्रा, खाली शहाबादी फरशी आणि तीन बाजूंना खिडक्या, ज्यांची निम्मी तावदानं अजून देणगीदाराची वाट बघताहेत. त्यात ऊबेची सोय म्हणाल तर पेपर वाचायला येणाऱ्या म्हाताऱ्यांच्या मफलरी, तेवढीच. माशांच्या त्या काचेच्या पेटीला फीत बांधली होती. फीत कापली, भाषणं झाली, आणि मग कुणाला तरी नारळ फोडायची स्फूर्ती झाली, तीही पेटीच्या काठावर. नारळाचं पाणी माशांच्या अंगावर पडू नये म्हणून तुम्ही मध्ये दोन्ही हात धरलेत. त्या फोटोत तुम्ही माशांना आशीर्वाद देताना दिसता. तो फोटो वाचनालयात अजून आहे, खाली ओळ आहे, ‘मंगल क्षण’.

मंगल क्षण संपल्यावर मंडळी जेवायला गेली. मासे देणारा माणूस नगरहून आला होता. टेम्पोत चढता चढता तो तुम्हाला म्हणाला, “मॅडम, हे ऊबेतले मासे आहेत. पाणी गार पडलं की गेले. हीटर बंद पडू देऊ नका.” तुम्ही नुसती मान हलवलीत. निवृत्तीनंतर वाचनालयाचं काम तुम्ही फुकट बघत होतात, त्यामुळे जे कुणाचंच नसतं ते तुमचं, असं तिथे आधीच ठरून गेलं होतं.

घरी आल्यावर मी म्हटलं, “परत पाठवा ते. या पत्र्याखाली माणसं गारठतात.”

“आलेत ना आता,” तुम्ही म्हणालात. “आलेल्याला परत जा म्हणायची पद्धत नाही आपल्यात.”

“मला म्हणाल्या होतात.”

“तू ऐकलंस कुठे?”

त्या पहिल्या हिवाळ्यात तुम्ही जे शिकलात, ते सगळं मला तोंडपाठ झालं, कारण रोज जेवताना तोच विषय. पेटीच्या मागे, दोन्ही बाजूंना आणि खाली थर्माकोल. वर काचेचं झाकण, कारण ऊब वरूनच उडून जाते. दाराखालच्या फटीत जुन्या पेपरांच्या पुरवण्या. पुरवण्या ऊब चांगली धरतात, असं तुमचं निरीक्षण होतं. आत काही नसतं म्हणून, असं माझं. पाणी बदलायचं तर नवं पाणी आधी कोमट करून घ्यायचं, त्यात कोपर बुडवून बघायचं आणि मगच थोडं थोडं सोडायचं. कोपराची ही पद्धत तुम्ही कुठल्या माशांच्या पुस्तकात वाचली नव्हती. तान्ह्या बाळाच्या अंघोळीचं पाणी असंच बघतात.

आणि इथेच सगळा घोटाळा होता. तुमचं लग्न झालं नाही, मूल नाही. पण आपल्या आख्ख्या गोतावळ्यातली बाळंतपणं तुम्ही केलीत. थंडी म्हटली की तुम्हाला एकच औषध ठाऊक. त्या वर्षी पेटीतली काळी मोली पोटाने फुगली. मोली अंडी घालत नाही, थेट पिल्लंच देते, हे तुम्हाला कळलं आणि मला दिसलं की आता काही खरं नाही.

“दिवस भरलेत तिचे,” तुम्ही हलक्या आवाजात मला सांगितलंत, घरात दुसरं कुणी नसताना.

“वन्सं, ती मासोळी आहे.”

“मग? थंडी काय माणूस बघून वाजते?”

नेमका त्याच वेळी हीटर बिघडला. नवा नगरहून यायचा होता. दुसऱ्या दिवशी मी वाचनालयात गेले तर दारापासूनच ओव्याचा वास. पेटीच्या स्टँडखाली आपल्या घरची शेगडी, तिच्यात निखारे, निखाऱ्यांवर ओवा आणि बाळंतशेपा. खिडक्या गच्च बंद, तावदानं नव्हती तिथे पुठ्ठे. हॉलमध्ये धूर असा की पेपर वाचणाऱ्यांना फक्त मथळे दिसत होते. कारखान्यातून निवृत्त झालेले एक आजोबा खोकत खोकत मला विचारत होते, “बाई, हितं कोन बाळंत झालंय?”

मी पेटीकडे पाहिलं. सगळे मासे पाण्याच्या वरच्या थराला येऊन तोंडं उघडी टाकत होते.

“बघ, ऊब लागली. कसे वर आलेत,” तुम्ही म्हणालात.

“गुदमरलेत ते! तो हवेचा पंप बघा. तो खोलीतली हवा ओढतो आणि पाण्यात सोडतो. तुम्ही माशांना धुरी देताय, पाण्यातून!”

तुम्ही पंपाकडे पाहिलंत, शेगडीकडे पाहिलंत. चूक कळली की तुमचा चेहरा होतो तसा झाला, म्हणजे माझ्यावर रागावल्यासारखा. मी खिडकी उघडली. तुम्ही, “गार वारा लागेल तिला,” म्हणून लावलीत. मी दुसरी उघडली. तुम्ही तीही लावलीत. सगळे वाचक पेपर खाली ठेवून बघत होते. शेवटी शेगडी बाहेर गेली, दोन खिडक्या उघड्या राहिल्या, दोन बंद. घरून आणलेल्या गरम पाण्याच्या बाटल्या घट्ट झाकणं लावून तुम्ही पेटीत तरंगत सोडल्यात आणि वरून आपली गोधडी पांघरलीत. पुढे दर हिवाळ्यात लाइट गेली की हाच उपाय चालला, पण त्याची सुरुवात त्या धुरातून झाली, हे फ्लेक्सवर नाही.

दुसऱ्या दिवशी मोली बाळंत झाली. डोळ्याएवढीही नाहीत अशी काळी पिल्लं शेवाळात लपली होती.

“शेकाने सुटली,” तुम्ही म्हणालात.

“शेक देऊनसुद्धा सुटली,” मी म्हटलं.

हा वाद राहिला, वन्सं. इतके हिवाळे आपण तो पुरवून खाल्ला. माझं मत बदललेलं नाही. तुम्ही गेलात म्हणून मी तुमच्या बाजूने निकाल देईन, असं तुम्हालाही आवडणार नाही.

पण त्या दिवशी खिडक्यांची उघडझाप करताना मला एक गोष्ट आठवली होती आणि मी ती बोलले नव्हते. आता बोलते. आपण तेच भांडण त्याआधी एकदा याच घरात केलं होतं. माझ्या बाळंतपणात. माझी आई नव्हती, माहेरी करणारं कुणी नव्हतं. तुम्ही शाळेतून रजा काढलीत, कुणी सांगितलं नव्हतं. खाटेखाली तीच शेगडी, तोच ओवा. मी इतिहास शिकवणारी, नव्या विचारांची बाई; ही धुरी लेकराच्या छातीला वाईट असं म्हणून मी खिडकी उघडायची, तुम्ही लावायची. माझ्यासारखं कुणी उत्तर देत नसल्यामुळे बाकी बाळंतिणी तुम्हाला सोप्या गेल्या असणार. मी रागाने पाठ फिरवून झोपायचे. जाग यायची तेव्हा लेक तुमच्या मांडीवर असायची, खिडकी बोटभर उघडी असायची आणि तुम्ही मात्र शेगडीपासून लांब, त्या वाऱ्यात बसलेल्या असायच्या, शाल लेकीभोवती.

त्याबद्दल मी तुमचे कधी आभार मानले नाहीत. आपल्या घरात ती रीतच नव्हती. आभार म्हणजे सभेतला शेवटचा विषय, तेव्हा लोक चपला शोधत असतात.

दुसरंही एक आहे. तुमचा भाऊ गेला त्या हिवाळ्यात मी घराबाहेर पडत नव्हते. दुःखाचं मी फार कौतुक करते असं नाही, पण उठून करायचं काय, हेच सुचत नव्हतं. तुम्ही एकदा म्हणालात, “अगं सुधा, मला त्या थर्मामीटरचे आकडे दिसेनासे झालेत. रोज सकाळी वाचनालयात येऊन तेवढं बघत जा. पाणी गार पडलं तर माझ्या माथी पाप.” मग मी रोज येऊ लागले. आकडा सांगायचा, मग आलेच आहे तर पेपर, मग आजोबांशी राजकारणावर वाद, मग दुपार व्हायची. त्याच आठवड्यात तुम्ही वाचनालयाच्या दारातून पलीकडच्या रस्त्यावरच्या एसटीचा बोर्ड वाचलात, “कोपरगाव दिसतेय ती,” आणि माझ्याकडे न बघता आत निघून गेलात. मला कळलं होतं. तुम्हाला, मला कळलंय हेही कळलं असणार. भावाला गमावलेल्या बाईने त्याच्या बायकोला कामाला लावलं; आपण दोघींनी त्याचं नाव थर्मामीटर ठेवलं. मी तेव्हाही बोलले नाही. बोलले असते तर उद्या यायचं कारण गेलं असतं.

आता शोकसभेचं सांगते. तुम्ही असता तर मागच्या खुर्चीत बसून मला कोपराने ढोसलं असतंत.

सभा वाचनालयातच होती. हॉलमध्ये व्यासपीठ, व्यासपीठावर पांढरी चादर, प्रत्येक मान्यवरापुढे पाण्याची एकेक बाटली. शोकसभेतही पाहुण्यांना शाल द्यायची असं कुणीतरी ठरवलं होतं, त्यामुळे एका टेबलावर शालींचा ढीग. ‘ताईंचं व्यक्तिमत्त्वच उबदार होतं,’ असं अध्यक्ष माईकवर म्हणत होते. उबदार हा शब्द त्यांना आवडला होता, तो पुन्हा पुन्हा येत होता. माझं लक्ष पेटीकडे गेलं. हीटरचा लाल दिवा बंद होता. सगळे मासे तळाशी, वाळूला टेकून, हलत नव्हते.

वाचनालयाचा शिपाई बबन भिंतीशी उभा होता. मी त्याला खुणेनं बोलावलं.

“हीटर कुणी बंद केला?”

“माईकवाल्यानं पिन काढली, मॅडम. बोर्डाचा एकच पॉइंट चालू हाय.”

“कधी?”

“सकाळधरनंच. हॅलो हॅलो करीत हुता न्हाई का.”

व्यासपीठावर अध्यक्ष मुद्द्याला आले होते. जिथे ही पेटी आहे तिथेच ताईंचा अर्धपुतळा बसवायचा. मासे आपल्या शेततळ्यात सोडू, तिथे त्यांना मोकळं पाणी मिळेल. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मग शोकसभा आहे हे आठवून थांबवल्या. मला बाहेरचा गारठा दिसत होता आणि उघड्यावरचं ते शेततळं दिसत होतं. मोकळ्या पाण्यात ते एक सकाळसुद्धा बघणार नव्हते.

मी उठले, बोर्डापाशी गेले, माईकची पिन उपसली आणि हीटरची लावली. अध्यक्षांचं तोंड हलत राहिलं, आवाज गेला.

“मॅडम, माईक गेला,” ते म्हणाले.

“गेला नाही. मी काढला.”

“दोनच मिनिटं. उरकतच होतो.”

“माझा तुमच्या दोन मिनिटांवर विश्वास आहे. माशांचा नाही.”

मागे कुणीतरी हसलं, बहुतेक ते आजोबा. पण हीटरने एवढं गारठलेलं पाणी तापायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ त्यांच्याकडे आहे की नाही, मला सांगता येत नव्हतं. घरी जाऊन थर्मास आणायचा, तर तेवढ्यात काय होईल? मग तुमच्या जुन्या विद्यार्थिनी उठल्या, आता स्वतःच आज्या झालेल्या. “बाटल्या, बाई, बाटल्या!” एकीने व्यासपीठावरच्या मान्यवरांपुढून बाटल्या उचलल्या आणि पाणी खिडकीतून ओतून दिलं. सभेनंतरच्या चहासाठी बाहेर आधण चढलं होतं, बबन ते पातेलं घेऊन आला, “सरका, सरका, पोळंल.” नुसतं उकळतं घातलं की बाटली आक्रसते, म्हणून निम्मं गार घालून भरल्या, झाकणं आवळली, पेटीत सोडल्या. आणि गोधडी? गोधडी घरी होती. मी टेबलावरच्या शाली उचलल्या आणि एकीवर एक पेटीला गुंडाळल्या. सत्काराची शाल कुणाच्या उपयोगी पडलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

अध्यक्ष खाली उतरून माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. माईक नसल्यामुळे त्यांचा आवाज साधा झाला होता.

“जगतील ना हो?” त्यांनी विचारलं.

त्या दिवशी त्यांचं मला पटलेलं ते पहिलं वाक्य.

“थंडी सरेपर्यंत मी बघते,” मी म्हटलं. “पुढच्या थंडीतही मीच. पेटी इथून हलणार नाही.”

“मग पुतळ्याचं?”

“पुतळ्याला थंडी वाजत नाही. त्याला घाई नाही.”

श्रद्धांजलीचं मौन राहिलंच होतं. शालींत गुंडाळलेल्या पेटीभोवती सगळे उभे होते, आत काय चाललंय ते कुणालाच दिसत नव्हतं, आणि आपोआपच कुणी बोलेना. बराच वेळ. तेच धरलं आम्ही. संध्याकाळी हीटरचा दिवा विझला, म्हणजे पाणी तापलं. शाल बाजूला करून पाहिलं तर मासे तळ सोडून मध्यावर आले होते, पण सुस्त, एका कुशीवर कलंडल्यासारखे. उद्या कळेल, असं म्हणून मी पुन्हा झाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुलूप उघडलं आणि लाइट गेलेली. मी थर्मासमधून बाटल्या भरल्या, झाकणाखालून आत सरकवल्या, शालींवरून घरून आणलेली गोधडी टाकली आणि खुर्ची ओढून बसले. बसल्यावर लक्षात आलं की आता करण्यासारखं काही नाही. उघडून बघायचं नाही, ऊब जाते. हात लावायचा नाही. नुसतं शेजारी बसायचं. इतके हिवाळे तुम्ही लाइट गेल्यावर इथे तासन्‌तास बसायच्या आणि मी घरी म्हणायचे, वन्संना माशांकडे बघत बसायचं वेड लागलंय. गोधडीखाली काहीच दिसत नाही, वन्सं. तुम्ही काही बघत नव्हतात. आपल्या घरी माझ्या खाटेपाशी बसायच्या तेव्हाही माझी पाठच तुमच्याकडे असायची.

आजोबा आले, मफलर सोडली, पेटीकडे पाहून म्हणाले, “काय, हायेत का?”

“अजून कळलं नाही.”

“बरं,” म्हणाले आणि पेपर घेऊन माझ्या शेजारच्याच खुर्चीत बसले. नेहमी ते खिडकीपाशी बसतात.

उन्हं फरशीवर आली तेव्हा लाइट आली. पंप गुरगुरला. मी गोधडी काढली, शाली काढल्या, पेटीतला दिवा लावला. त्या मोलीच्या वंशातली एक काळी काचेपाशी आली, मागून बाकीचे आले, खाणं मागायला तोंडं वर केली. मी नीट पाहिलं, शेवाळात पाहिलं, दगडामागे पाहिलं. सगळे होते. आजोबांना सांगितलं, बबनला सांगितलं. मग थर्मास उचलला आणि भराभर चालत घरी आले. दार उघडून मी ‘वन्सं, सगळे आहेत हो’ म्हणायला तोंड उघडलं, आणि घरात कुणी नव्हतं.

म्हणून हे लिहायला बसले.

तुमची,
सुधा